बाबांची रापण, मामाची पर्ससीन

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यातली, एफवायला आहे. इलेक्शन जवळ आलंय म्हणून कॉलेजात वादविवाद ठेवलाय, विषय आहे 'पर्ससीन मासेमारीवर (मोठ्या बोटीतून माशांच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायचं जाळं) पूर्ण बंदी हवी' आणि चिठ्ठीत मला आली 'बंदी नको' ही बाजू. आमची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं पारंपरिक जाळं. बाबा दोन दिवस बोलत नाहीयेत. मामा मात्र रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पर्ससीन बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. मला मनातून बंदीच हवी, मग हे खोटं बोलणं नाही का? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हीकडचे आकडे फिरतायत, त्यातला कुठला घेऊ?

उत्तर : अगं, खोटं तेव्हा होईल जेव्हा तू मामाच्या तोंडी तुला सोयीचं असं कच्चं काहीतरी घालशील. त्याचं म्हणणं त्याच्याकडूनच ऐक. फोन नको, जाऊन बस त्याच्याजवळ, आणि वाद घालायला नाही, नुसतं विचारायला.

आधी विषयच नीट वाच. 'पूर्ण बंदी' म्हणताना सगळे असं बोलतात जणू आत्ता सगळं मोकाट आहे, पण 5 फेब्रुवारी 2016 च्या सरकारी आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवलेत आणि नवीन परवाने बंद केलेत. एलईडी लाइट लावून मासेमारी तर केंद्राने 2017 मध्येच बंद केली. म्हणजे खरं भांडण कायदा हवा की नको याचं नाहीच, आहे तो पाळला जातो का याचं आहे. इथे तुझ्या बाजूला भक्कम मुद्दा मिळतो: विनापरवाना, डिसेंबरनंतर आत घुसणाऱ्या बोटींची शिक्षा परवाना काढून नियमात धंदा करणाऱ्याला का? समोरचा विचारेल, नियम कागदावर आहेत पण रात्री समुद्रात बघायला कोण जातं? उत्तर तयार ठेव, कारण हा प्रश्न खरा आहे, बाबांच्या पोटातला आहे.

आता आकडे. कुणी म्हणेल 2019 ला मासळी घटली, बघा पर्ससीनचा परिणाम. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आणि लगेच नोव्हेंबरमध्ये महा, अशी दोन वादळं ऐन सीझनला आली, बोटी बंदरात अडकून पडल्या. एका वर्षावरून कुणीच काही सिद्ध करू नये, तूही नको. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी अंदाज काढते, राज्याच्या मत्स्य खात्याकडे जिल्हावार आकडे असतात, दहा वर्षांचे एकाखाली एक लिही. आणि माशाप्रमाणे लिही हं, कारण तारली समुद्राच्या तापमानाप्रमाणे वरखाली होते हे शास्त्रज्ञ फार वर्षं सांगतायत, आणि एक टन तारली म्हणजे एक टन पापलेट नव्हे. टनात वाढ दिसेल आणि रापणवाल्याच्या ताटात घट असेल, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

रोजगाराचा मुद्दा मांडशील तर मोजून मांड. मामाला विचार, एका बोटीवर किती खलाशी, किती नेपाळचे, किती आपल्या गावातले, वाटा कसा पडतो. मग बाबांबरोबर एक दिवस रापण ओढायला जा. मी मालवणला ओढलीय एकदा, दोन तास ओल्या दोरीने तळहात सोलून निघाले आणि जाळ्यात आले थोडेसे पेडवे (छोटे मासे), त्याचे वाटे ओढणाऱ्या सगळ्या माणसांत पडले. ते बघितल्यावर 'पारंपरिक' हा शब्द भाषणात नुसता टाकून द्यायला जीभ धजत नाही. उलट मामाच्या बोटीवर कर्जाचा हप्ता आहे आणि चार महिन्यांत वर्षाचं कमवायचंय, तेही तितकंच खरं आहे.

बाबांना भाषण आधी वाचून दाखव. चिडतील, चिडू देत, पण चुकलेलं वाक्य तेच पहिलं पकडतील.

प्रश्न : उमेदवार गावात येऊन दोन्ही बाजूंना आश्वासन देतात. त्यांना काय विचारायचं? (वेंगुर्ले)

उत्तर : पहिलं हे, की किनाऱ्यापासून किती आतलं बोलताय? 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, राज्याचा कायदा चालतो, 1981 चा, त्यापलीकडे केंद्राचा विषय. विधानसभेचा माणूस बाहेरच्या समुद्राचं वचन देत असेल तर 'कुठल्या अधिकारात?' असं नम्रपणे विचारा. दुसरं, उमेदवारी अर्जासोबत ते शपथपत्र देतात ते निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं, मालमत्तेत गाड्यांच्याच रांगेत जहाजं-नौकांचा रकाना आहे, स्वतःच्या आणि बायको किंवा नवऱ्याच्या नावावर. सभेला जाण्याआधी तेवढं पान वाचून जा.