ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास बोलून सांगावा की वागून दाखवावा?

दोन्ही. पण हा प्रश्न दिसला की मला माझे दाजीच आठवतात.

आम्ही मूळचे नगरचे, वाढलो भायखळ्याच्या चाळीत. दाजी दर शनिवारी स्टेशनच्या पुलावर सुवार्तेची, म्हणजे येशूच्या शुभसंदेशाची, पत्रकं वाटायचे. पिशवी माझ्या खांद्याला. एकदा परतताना त्यांनी आमच्या वाण्याच्या हातातही एक पत्रक दिलं. त्याने ते तराजूच्या एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात उधारीची वही. दाजींची चार महिन्यांची बाकी होती त्यात. वहीचं पारडं खाडकन खाली गेलं. "बघा शेठ, काय जड आहे ते." शेंगदाणे घ्यायला आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला धरणी दुभंगावी असं झालं. दाजी मात्र "प्रभू तुमचं भलं करो" म्हणून निघाले!

तेव्हापासून मी तोंड उघडणंच सोडलं. बायबलमधलं याकोब २:१७ माझ्या बाजूने होतं, कृतीवाचून विश्वास निर्जीव. दाजी रोमकरांस पत्राचा १०वा अध्याय काढायचे, सांगणाराच नसेल तर लोक ऐकतील कसे? दर नाताळला करंज्यांच्या ताटावर हा वाद ठरलेला. 'सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा' हे इटलीतल्या असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या नावावर खपणारं वाक्यही मी तोंडावर फेकायचो. ते त्याच्या लिखाणात सापडत नाही, हे फार उशिरा कळलं. तो स्वतः तर गावोगाव उपदेश करत हिंडला.

पुढे ऑफिसातल्या शेजारच्या टेबलवाल्याचा मुलगा डेंग्यूने ॲडमिट झाला. प्लेटलेट्सची धावपळ केली, सहा रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढल्या. पोरगं बरं झालं. तो सगळ्यांना सांगत सुटला, "आमचे मागच्या जन्मीचे ऋणानुबंध असणार." मग एकदा जिन्यात गाठून हळूच विचारलं, "खरं सांगा, एवढं का केलंत?"

मी म्हणालो, "अहो, माणुसकी."

सहाही रात्री मी त्या बाकावर प्रार्थना करत होतो. माणूस स्वतःहून विचारतोय आणि मी शेपूट घातली. १ पेत्र ३:१५ मध्ये नेमकं हेच आहे, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर सांगायला तयार असा, पण सौम्यतेने.

तेव्हा विचारलं की सांगा, थोडक्यात आणि स्वतःचं. न विचारता पत्रकं कोंबू नका. दवाखान्यात तर मुळीच नको, खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. आणि हो, घटनेच्या २५व्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहे, पण तो दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितलंय. वाण्याची उधारी या सगळ्याच्या आधी.

दाजींची ती बाकी मी माझ्या पहिल्या पगारातून भरली होती. नाव सांगू नका, असं वाण्याला बजावलं होतं. पुढच्याच रविवारी दाजींनी उपासनेत साक्ष दिली: पत्रक वाचून वाण्याचं मन पालटलं, त्याने उधारी माफ केली. सगळी मंडळी 'हालेलुया' म्हणाली. मीसुद्धा म्हणालो.