वकीलपत्रावर सही करण्याआधी

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले. पुण्यातला संसार सोडून तू लेकीसह नागपुरात आईवडिलांकडे आलीस, त्याला काही महिने झाले आणि आता वकील कोणता करावा यावर घरात रोज चर्चा चालते, असे तू लिहितेस. मामांनी सुचवलेले वकील फौजदारी खटल्यांत नावाजलेले आहेत, तर आत्याच्या ओळखीचे वकील शेतजमिनीचे दावे चालवतात. दोघेही आपापल्या कामात उत्तम असतील. पण कौटुंबिक न्यायालयाचे काम वेगळे आहे आणि ते नित्य करणाराच वकील तुला हवा.

मी अनेक वर्षे विवाह समुपदेशक म्हणून काम केले, त्यामुळे वकिलांना मी पक्षकाराच्या शेजारी बसून पाहिले आहे. आपल्याला नेमके काय हवे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याचे प्रकरण साधा वकील असला तरी पुढे सरकते. ज्याला ते ठाऊक नसते, तो नामांकित वकिलाकडे जाऊनही तारखांमागून तारखा घेत राहतो. म्हणून कुणाचीही पायरी चढण्याआधी एका वहीत लिही: घटस्फोटच हवा आहे का, लेकीचा ताबा कसा असावा, दागिने आणि सामान कुणाकडे आहे, दरमहा खर्च किती लागतो, आणि कोणत्या गोष्टीवर तू तडजोड करू शकतेस. विवाहाची तारीख, पत्रिका, नोंदणीचा दाखला, शेवटचे एकत्र राहिलात तो पत्ता आणि घर सोडल्याचा दिवस हेही त्याच वहीत असू दे.

तुमचा विवाह बौद्ध पद्धतीने झाला असल्यामुळे हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू होत नाही, असे तुझ्या काकांनी सांगितले. दीक्षाभूमीच्या या शहरात हा समज अजूनही आढळतो, परंतु तो बरोबर नाही. १९५५ च्या त्या कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट समावेश आहे. विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याचप्रमाणे, चार वडीलधाऱ्यांना बसवून मुद्रांकावर फारकत लिहून घेण्याचा जो प्रस्ताव सासरकडून आला आहे, त्याला बळी पडू नकोस. एखाद्या समाजात तशी रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले तरच अशा फारकतीला अर्थ असतो. एरवी नोटरीचा शिक्का असूनही विवाह कायद्याने कायमच राहतो आणि पुढे दुसरा विवाह करणारी व्यक्ती अडचणीत येते.

पती पुण्यात आहेत म्हणून तुला पुण्याला खेटे घालावे लागतील ही भीतीही सोड. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करू शकते, म्हणजे नागपूरचे कौटुंबिक न्यायालय तुझ्यासाठी खुले आहे. पतीने आधीच पुण्यात अर्ज केला असेल, तर ते प्रकरण इकडे वर्ग करावे अशी विनंती उच्च न्यायालयाकडे करता येते. मात्र समन्स आले तर ते दुर्लक्षून घरी ठेवू नकोस, कारण हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूम होऊ शकतो.

आता वकिलाच्या पहिल्या भेटीविषयी. तो तुझे म्हणणे मध्येच न तोडता ऐकतो का, कागद वाचतो का आणि तुझ्या बाजूतील कच्चे दुवे तुला सांगतो का, हे पाहा. तिसरी कसोटी मी सर्वांत महत्त्वाची मानते. पतीची संमती नसताना जो वकील सहा महिन्यांत घटस्फोट मिळवून देण्याची हमी देतो, त्याच्याकडून नमस्कार करून परत ये. परस्पर संमतीच्या अर्जासाठी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात, आणि अर्जानंतर साधारण सहा महिन्यांचा अवधी असतो. तो अवधी योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. परंतु संमतीच नसेल तर क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग यांसारखे कायद्यातले कारण पुराव्याने सिद्ध करावे लागते. विवाह पूर्णपणे मोडला आहे एवढ्याच कारणावर तो संपुष्टात आणण्याचा विशेष अधिकार, २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानुसार, सर्वोच्च न्यायालयाकडे आहे; कौटुंबिक न्यायालय तसे करू शकत नाही. हे तुला ठाऊक असले, की समोरचा वकील कायदा सांगतो आहे की आशा विकतो आहे हे तुझे तुलाच कळेल.

जो वकील तुझी हकीकत संपण्याआधीच सासरच्या सगळ्या नातेवाइकांची नावे फौजदारी तक्रारीत घालायला सांगतो, त्याच्याबद्दलही मी सावध राहीन. मारहाण किंवा छळ झाला असेल तर मुळीच कचरू नकोस; २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तुला संरक्षण, निवारा, आर्थिक मदत आणि मुलीचा तात्पुरता ताबा मागण्याचा हक्क देतो, आणि नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलकडे, म्हणजे अडचणीतल्या स्त्रियांना मदत करणाऱ्या कक्षाकडेही जाता येते. पण जे घडले तेवढेच लिही. वाढवून लिहिलेले एक वाक्य उलटतपासणीत उघडे पडले, की खरी असलेली दहा वाक्येही संशयाने वाचली जातात, आणि हे नुकसान नंतर कोणताही वकील भरून काढू शकत नाही. मोबाईलमधील संदेश हा पुरावा असू शकतो, त्यासाठी कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र जोडावे लागते; तेव्हा जुना फोन विकू नकोस आणि त्यातले काही पुसूही नकोस.

नोकरी करतेस म्हणून पोटगी मिळणार नाही, हे तुला कुणीतरी ठामपणे सांगितले आहे. स्वतःची मिळकत असणे हा पोटगीला आपोआप अडथळा नाही. पतीच्या घरी असलेल्या राहणीमानाला ती पुरेशी आहे का, हे न्यायालय पाहते. नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले, त्यामुळे अर्ज लांबवू नये. त्या प्रतिज्ञापत्रात तुझा पगार पूर्ण लिही. पतीच्या नावावरील घरात घटस्फोटाने आपोआप निम्मा वाटा मिळतो असे मात्र आपल्या कायद्यात नाही. स्त्रीधन ही वेगळी बाब आहे: विवाहात तुला मिळालेले दागिने आणि भेटी तुझ्याच मालकीच्या आहेत, त्या सासरी ठेवल्याने त्यांची मालकी बदलत नाही. पावत्या आणि विवाहातील छायाचित्रे शोधून यादी आजच कर.

लेकीच्या बाबतीत एवढेच सांगते, की पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे असे कायदा म्हणतो, पण अंतिम कसोटी मुलाच्या हिताची असते. वडिलांची भेट रोखून धरण्याचा सल्ला देणारा वकील तुझ्या हिताचे बोलत नाही.

फीविषयी संकोच न करता विचार. एकूण किती, टप्प्याटप्प्याने किती, टंकलेखन आणि नकलांचा खर्च वेगळा का, हे लिहून घे आणि पावती माग. मिळणाऱ्या पोटगीतला टक्का मागणे वकिली व्यवसायाच्या नियमांना धरून नाही. वकिलांना जाहिरात करण्यासही मनाई आहे, त्यामुळे इंटरनेटवर दिसणाऱ्या सर्वोत्तम वकिलांच्या याद्यांना फारसे महत्त्व देऊ नकोस. फी झेपणार नसेल तर न्यायमंदिरात, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. तो वकील फुकट मिळाला म्हणून कमी प्रतीचा असेल, असे गृहीत धरू नकोस. त्यालाही याच कसोट्या लाव.

वकीलपत्र दिल्यानंतरही प्रकरण तुझेच असते. सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घे, म्हणजे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख आणि झालेले आदेश तुला स्वतः पाहता येतील. दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत ठेव आणि कोऱ्या कागदावर कधीही सही करू नकोस. विश्वास उडाला तर वकील बदलता येतो, आणि फी बाकी आहे म्हणून जुन्या वकिलाला तुझे कागद अडवून ठेवता येत नाहीत.

शेवटी तडजोड झालीच, तर तिचा मसुदा घरी आणून दोन दिवस वाच. रक्कम कोणत्या तारखेला आणि कशी मिळणार, दागिने केव्हा परत येणार, शाळेची फी कोण भरणार, भेटीचे वार कोणते आणि इतर तक्रारींचे काय होणार, यातले काहीही तोंडी राहता कामा नये. तू स्वतःची पोटगी सोडलीस तरी लेकीच्या पालनपोषणाचा हक्क तिचा स्वतंत्र आहे, तो तुझ्या सहीने संपत नाही. परस्पर संमतीच्या अर्जात हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हेही ध्यानात ठेव. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल घे आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत नव्या विवाहाचा विचार कुणी पुढे रेटला तरी थांब.

वहीतली यादी आणि दागिन्यांच्या पावत्या तयार झाल्या, की एखाद्या रविवारी त्या घेऊन माझ्याकडे धरमपेठेत ये. आपण दोघी मिळून वकिलांना विचारायचे प्रश्न लिहून काढू.

तुझी,
मावशी