व्यायामाचा कंटाळा येतो, दोन-तीन आठवड्यांत सुटतो. रोज करणाऱ्यांना एवढा उत्साह कुठून येतो?

प्रश्नातलं तुमचं शेवटचं वाक्य असं आहे : 'जे वर्षानुवर्षं करतात त्यांना मुळातच आवड असते, माझ्यात ती नाही, मग काय करू?' याच वाक्यासाठी लिहायला बसले. आमच्या घरात त्यावरून बारा वर्षं वाद चाललाय.

माझे वडील, आबा, पैलवान होते. फार मोठे नव्हेत. गावोगावच्या जत्रांतल्या कुस्त्या आणि दोन-तीनदा कोल्हापुरातलं खासबागेचं मैदान, एवढंच. मला कळायला लागलं तेव्हा कुस्ती सुटली होती. शाहू मिलमध्ये कामाला होते, मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर. पण बैठका सुटल्या नव्हत्या. रोज पहाटे पाचशे. पहिल्या पाळीला जायचं असलं तर साडेचारला उठून.

त्या मोजायचं काम माझं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. उंबऱ्यावर बसायचं, पुढ्यात दहा चिंचोके. पन्नास झाल्या की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवायचा. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तो त्या वेळी तालमीत जायचा. मलाही जायचं होतं. पण तालमीत मारुती, तिथं मुलींनी पाय ठेवायचा नाही. दाराबाहेर उभी राहून लाल मातीचा वास तेवढा घेतलाय. हळद, ताक, तेल घालून मळलेल्या त्या मातीचा वास आजही कुठं आला तर मी थांबते. तर दादाला तालीम मिळाली आणि मला चिंचोके.

मोजणाऱ्याला जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. पहिल्या शंभर बैठका आबा झपाझप मारायचे. दोनशेनंतर श्वासाचा आवाज बदलायचा. तिसऱ्या शेकड्यात नजर सारखी चिंचोक्यांकडे जायची, किती उरले ते बघायला. शहाबादी फरशीवर घामाचं थारोळं. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नसायचा. दळण आणायला निघालेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

एकदा थंडीत मला बसल्या बसल्या झोप येत होती. लवकर संपावं म्हणून मी एका वेळी दोन चिंचोके सरकवले. आबा थांबले, पंचानं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आणखी पन्नास मारल्या. मला रडूच आलं. म्हटलं, आबा, मला कंटाळा आला होता. तर म्हणाले, "मलाबी आलाय की. रोजच येतोय. तू उठून बसलीस म्हणून मी उठलो, न्हाईतर मीबी झोपलो असतो."

हे वाक्य दादानं ऐकलेलं नाही. त्या दिवशी तो आत गोधडीत होता.

आबांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला पाहुणे बसले होते. दादा म्हणाला, आबांना नाद होता, तो अंगात असावा लागतो, आमच्यात नाही आला. मी म्हटलं, त्यांनाही कंटाळा यायचा. तर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं? तू नुसती मोजत होतीस." मी गप्प बसले, पानं वाढायची होती.

आता सांगते. मोजत होते म्हणूनच कळतंय. 'त्याला आवड होती' असं म्हटलं की आपली सुटका होते, म्हणून लोक म्हणतात. दादानं तालीम दोन वर्षांत सोडली, खुराक मात्र सोडला नाही. आपल्याकडे निम्म्या पैलवानांचं हेच होतं. बैठका बंद, पण दूध, तूप, मटण तेवढंच, मग चाळिशीत पोट आणि गुडघे. त्यानं तीनदा जिमची वर्षाची फी भरली. तिन्ही वेळा एक महिनाही धड गेला नाही, कारण तो आवड यायची वाट बघत होता.

स्वप्निल कुसाळेला 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळालं तेव्हा आमच्या जिल्ह्यात सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा फोटो, दादाच्याही. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, अभिमान वाटणारच. पण त्या प्रकारात काय असतं बघा : गुडघ्यावर बसून वीस गोळ्या, पालथं पडून वीस, उभं राहून वीस, आणि ही नुसती पात्रता फेरी. सरावात तेच, वर्षानुवर्षं तेच. तिथं रोज मजा येत असेल असं वाटतं का कुणाला?

तर तुमचा प्रश्न. उत्साह शोधू नका, मोजणारा माणूस शोधा. मला स्वतःला चव्वेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली तेव्हा सुरुवात केली. पावणेसहाला रंकाळा टॉवरपाशी मैत्रीण उभी असते. ती थांबलेली असेल या विचारानंच अंथरूण सुटतं, साखरेच्या भीतीनं सुटत नाही. अर्धा-पाऊण तास भरभर चालतो, आठवड्यातले पाच दिवस. दीडशे मिनिटं तरी व्हावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ती आरामात होतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथला पाऊस बाहेर पडू देत नाही, तेव्हा घरातच चाळीस बैठका, आणि भाची मोजते. तुम्ही एकटे राहत असाल तर फोनवर मोजणारा चालेल. माझी बहीण पुण्याहून माझ्या मावसबहिणीच्या मोजते, सकाळी सहाला, स्पीकरवर.

एकवीस दिवसांत सवय लागते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लंडनमधल्या संशोधकांच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत फरक. तुम्ही दोन-तीन आठवड्यांत सोडता म्हणजे फार तर एकविसाव्या दिवशी सोडता. तेव्हा कंटाळा येणारच, तुमच्यात काही कमी नाही.

गाणी लावून, व्यायामाचा प्रकार बदलून कंटाळा जातो असं बरेच जण सांगतात. काहींचा जात असेल, माझा गेला नाही.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं : पाचशे बैठकांच्या नादाला लागू नका. दहापासून सुरू करा, गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी थांबा. बीपी, साखर, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवसभर उभ्यानं काम करून अंग मोडलेलं असेल तर तो कंटाळा नाही, थकवा आहे. त्याला झोप हवी, मोजणारा नव्हे.

दादा, तू हे वाचशील, भाची तुला दाखवणारच आहे. रंकाळा टॉवर, पावणेसहा. तुझे फेरे मी मोजते.