अफवा, कंडी की वावडी?

कोपरीच्या एका ताईंना सोसायटीच्या गणेशोत्सवात बोलायचं आहे. विषय : परदेशातून सोडला जाणारा खोटा मजकूर, देशाची सुरक्षा आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य. त्यांनी विचारलंय, 'मिसइन्फर्मेशन' (नकळत पसरलेली खोटी माहिती) आणि 'डिसइन्फर्मेशन' (मुद्दाम रचून पसरवलेली) यांना मराठीत वेगळे शब्द आहेत का, की दोन्हींना 'अफवा' म्हटलं तरी चालेल?

ताई, नाही चालणार. 'अफवा' मूळची अरबी. 'अफवाह' म्हणजे तोंडं, अनेकवचनी. ह्या तोंडचं त्या तोंडी. म्हणून अफवा आपोआप उठते, पसरते. कर्ता सांगावा लागत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता तेव्हा 'दोन-तीन दिवस एटीएम बंद' हा निरोप आमच्या चरईतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सगळ्यांना धाडला. पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, पण तोवर दोघे जण खाली रांगेत उभे होते. आजोबांनी दिली ती 'चुकीची माहिती'. तो मजकूर मुळात रचणारा कोण, हा प्रश्न निराळा.

त्या रचणाऱ्यासाठी मराठीकडे नामांपेक्षा क्रियापदं चांगली आहेत. कंड्या 'पिकवतात', बातमी 'पेरतात', वावड्या 'उडवतात'. सगळी सकर्मक, म्हणजे करणारा कोणीतरी आहेच.

मला यातली वावडी फार आवडते. वावडी म्हणजे पतंग. आकाशात सगळ्यांना दिसतो, दोरी मात्र कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही. १९८३ साली दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात एका निनावी अमेरिकी शास्त्रज्ञाचं म्हणून पत्र आलं : एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगांतून निघाला. १९८५ मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता'ने याच दैनिकाचा हवाला देऊन तेच छापलं. पतंग दिल्लीच्या आभाळात, दोरी केजीबी या सोव्हिएत हेरसंस्थेच्या हातात! ('डिसइन्फर्मेशन' हा शब्दही इंग्रजीत रशियनच्या वळणावर आला, हे या गोष्टीला शोभतंच.)

'अपप्रचार' मी टाळीन. विरोधकाची न आवडणारी खरी टीकाही आपल्याकडे अपप्रचारच ठरते. 

हा शब्दांचा कीस वाटेल, पण न्यायालयातही तो काढावा लागला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर 'बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा' आहे का, हे सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवावं, असा नियम २०२३ मध्ये आला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. हे शब्द संदिग्ध आहेत, हे त्यामागचं एक कारण. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये वाजवी निर्बंधांची कारणं मोजून दिली आहेत. राज्याची सुरक्षा त्यात आहे, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आहेत. नुसता 'खोटेपणा' त्यात नाही. तो असता तर घाईत आकडा चुकलेला वार्ताहर, आमचे आजोबा आणि परकी हेरसंस्था एकाच पिंजऱ्यात उभे राहिले असते.

तेव्हा 'मिसइन्फर्मेशन'ला सरळ 'चुकीची माहिती' म्हणा आणि 'डिसइन्फर्मेशन'ला 'पेरलेली खोटी बातमी'. 'बातमी पेरणे' वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रोजचंच आहे, श्रोत्यांना फोड करून सांगावी लागणार नाही. वावडी मथळ्यासाठी ठेवा : 'वावडी कुणाची, दोरी कुणाची?' मंडळाच्या फलकावर एका ओळीत मावेल.