जुन्या खंजिराची मूठ हाडाची आहे की हस्तिदंताची, हे कसे ओळखावे?

तुमच्याकडे वारशाने आलेल्या खंजिराची पिवळसर पांढरी मूठ एक जाणकार हाडाची सांगतो, दुसरा हस्तिदंताची सांगतो, आणि खात्रीसाठी तापलेली सुई टोचून पाहावी का, असे तुम्ही विचारले आहे. आधी सुईबद्दल सांगतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान भरून निघत नाही. कृपया सुई टोचू नका. हाड आणि हस्तिदंत दोन्ही कोलॅजन नावाचे प्रथिन आणि कॅल्शियम फॉस्फेटचे खनिज यांचे बनलेले असतात. जळताना दोन्हींना केस जळल्यासारखा सारखाच वास येतो, त्यामुळे ज्या दोन पदार्थांतला फरक तुम्हाला जाणून घ्यायचा आहे, तोच या चाचणीत कळत नाही आणि मुठीवर काळा डाग मात्र कायमचा राहतो. मूठ सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची निघाली तर ती भडकन पेटू शकते.

फरक घटकांत नसून रचनेत आहे, आणि रचना डोळ्यांनी पाहता येते. हाड जिवंत असताना त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात, त्यांच्या बारीक वाटा हाड वाळल्यावरही तशाच उरतात आणि वर्षानुवर्षे हाताचा मळ व तेल त्यांत मुरून त्या काळपट दिसू लागतात. हाडाच्या लांबीच्या बाजूने पाहिले तर त्या तुटक, बारीक ओरखड्यांसारख्या दिसतात, आणि आडव्या कापावर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके दिसतात. हस्तिदंत म्हणजे दात. दाताच्या द्रव्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे असे ठिपके तिथे मिळत नाहीत. जवाहिरे वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि बाजूने तिरपा टाकलेला प्रकाश एवढ्यावर बहुतेक मुठींचा निकाल लागतो.

मात्र कुठे पाहायचे हे महत्त्वाचे आहे. बहुतेक लोक मुठीच्या बाजू न्याहाळतात, पण खरी ओळख मुठीच्या टोकाला, म्हणजे पात्याच्या विरुद्ध बाजूच्या आडव्या कापावर असते. हत्तीच्या दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. अभ्यासक तिला श्रेगर रेषा म्हणतात, आणि आजवरच्या कोणत्याही नकली पदार्थात ती नीट साधलेली मी पाहिलेली नाही. दाताच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषांचे कोन मोजले असता आजच्या हत्तीत ते सहसा 115 अंशांहून मोठे आणि मॅमथ या हत्तीच्या नामशेष झालेल्या नातलगात 90 अंशांहून लहान भरतात. मधल्या पट्ट्यात दोघांची सरमिसळ होते, म्हणून एकाच कोनावर विसंबू नये. शिवाय काप तिरका असेल तर कोन फसवतात. मुठीच्या बाजूंवर याच रचनेच्या बारीक, किंचित नागमोडी, जवळजवळ समांतर रेषा दिसतात. सेल्युलॉइडच्या नकलेतही समांतर रेषा असतात, पण त्या आखल्यासारख्या सारख्या अंतराच्या असतात आणि टोकाकडे पाहिले तर तिथे छेदणारी जाळी नसते.

जाळीही नाही आणि ठिपकेही नाहीत, असेही होईल. तेव्हा वॉलरसचा, म्हणजे उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या लांब सुळ्यांच्या प्राण्याचा, दात लक्षात घ्यावा. इराणी, तुर्की आणि मोगली खंजिरांच्या मुठींसाठी तो फार मानाचा होता. फारसीत त्याला माशाचा दात अशा अर्थाचे नाव होते आणि बादशहा जहांगीराच्या आत्मवृत्तात त्याचे कौतुक आलेले आहे. या दाताचा बाहेरचा थर गुळगुळीत, एकजीव असतो, पण आतला गाभा मोझॅकच्या फरशीसारखा, अर्धपारदर्शक खडे एकमेकांत दाबून बसवल्यासारखा दिसतो. पेशकब्ज प्रकारच्या एका खंजिराची मूठ मी अशीच प्रथम हस्तिदंताची म्हणून नोंदवली होती. मूठ मधल्या लोखंडी पट्टीच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या दोन फळ्यांची होती आणि त्यांच्या दर्शनी बाजू नितळ होत्या. पण त्या पट्टीला लागून एका फळीची कड भिंगाखाली धरली तेव्हा तिथे जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीचा, ढगाळ खड्यांचा पट्टा दिसला आणि नोंद बदलावी लागली. कारागिराने गाभा आतल्या बाजूला दडवला होता. म्हणूनच फळ्यांच्या कडा पाहिल्याशिवाय मत देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. पाणघोड्याच्या दातात जाळीऐवजी दाट, एकाभोवती एक अशा वक्र रेषा असतात. जुन्या मुठींत तोही आढळतो.

मुठीची घडणही बोलते. गाई-म्हशींच्या किंवा उंटाच्या नळीच्या हाडाची भिंत साधारण सेंटिमीटरभर जाड असते आणि आत मज्जेची पोकळी असते, त्यामुळे हाडाची मूठ बहुधा दोन पातळ फळ्या खिळ्यांनी जोडून केलेली असते आणि आतल्या अंगाला कधीकधी स्पंजसारखी सच्छिद्र जागा राहिलेली दिसते. अखंड, भरीव आणि अंगठ्याहून जाड मूठ असेल तर हाडाची शक्यता फारच कमी होते. उलट फळ्या आहेत म्हणजे हाडच, असे मात्र धरू नये, कारण वरचे उदाहरण फळ्यांचेच होते. सांबरशिंगाची बाहेरची बाजू खडबडीत आणि गाभा सच्छिद्र असतो. म्हशीचे शिंग थरांचे व कडेला अर्धपारदर्शक असते, ते सहसा लगेच ओळखू येते.

रंगावर अजिबात जाऊ नका. चहाच्या पाण्यात किंवा धुरात ठेवून हाड आणि प्लास्टिक दोन्हींना जुनाट पिवळेपणा देता येतो, आणि खरा हस्तिदंत उजेडात राहिला तर पांढरा पडतो. अतिनील दिवा जवळ असेल तर अंधारात वापरून पाहा. हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर पांढरे चमकतात, सेल्युलॉइड बहुधा मळकट पिवळे दिसते. म्हणजे हा दिवा नक्कल वेगळी काढतो, हाड आणि दात यांत निवड करत नाही, आणि मुठीवर मेण किंवा वार्निश असेल तर तेही चमकून दिशाभूल करते. आणखी एक खूण पात्यावर पाहावी. सेल्युलॉइड जुने होऊन विघटित होऊ लागले की आम्ल वायू सोडते, त्यामुळे मुठीलगतच्या लोखंडावर दाट गंज आणि पितळेवर हिरवा थर चढतो, तर पात्याचा बाकी भाग बरा राहतो. अशी मूठ दिसली तर खंजीर इतर वस्तूंपासून आणि उष्णतेपासून दूर ठेवावा.

हे सगळे पाहूनही शंका राहिली तर संग्रहालयाच्या जतन-प्रयोगशाळेत अवरक्त किंवा रामन वर्णपटाची, वस्तूला धक्का न लावणारी तपासणी होऊ शकते. तीही प्लास्टिक पक्के ओळखते. प्राण्याची जात ठरवायची असेल तर कणभर नमुना घेऊन कोलॅजनची किंवा डीएनएची चाचणी करावी लागते. खंजीर विकण्याचा किंवा देशाबाहेर नेण्याचा विचार असेल तर हा प्रश्न आधीच सोडवून घ्या, कारण धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या, 1975 पासून लागू असलेल्या साइट्स करारात हत्ती व वॉलरस दोघेही येतात, पण त्यांचे नियम सारखे नाहीत आणि गाईम्हशींच्या हाडाला ते लागतच नाहीत.

तुम्ही जोडलेल्या छायाचित्रात फक्त मुठीची बाजू दिसते, तिच्यावरून मी निर्णय देणार नाही. मुठीच्या टोकाचे आणि दोन्ही फळ्यांच्या कडांचे, तिरप्या उजेडात, भिंग कॅमेऱ्यासमोर धरून काढलेले छायाचित्र पाठवा. त्याआधी मूठ फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसा, पाणी किंवा तेल लावू नका.