नोकरीवर परतल्यावर बाळाला अंगावरचं दूध चालू ठेवायचं असेल तर ऑफिसातल्या आयांच्या गटाचा उपयोग होतो का? असा गट कसा सुरू करावा?

होतो. "दूध काय गप्पा मारून येतं का?" असं मला माझ्या नणंदेनं ऐकवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळ साडेचार महिन्यांचं असताना मी रुजू झाले. दुसऱ्याच आठवड्यात दूध काढायच्या पंपात दुपारचं जेमतेम 30 मिली यायला लागलं. घरात निदान झालं, दूध आटलं. नणंद तर पावडरचा डबा घेऊनच आली. ऑफिसात आम्ही पाच जणी जुन्या फायलींच्या खोलीत आळीपाळीनं दूध काढायचो. दाराला कडी नव्हती, म्हणून एक जण बाहेर उभी राहायची. त्या दिवशी मी आत रडत बसले होते. आमच्यातली एक दुसऱ्यांदा आई झालेली होती. तिनं पंपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे फनेल तुला मोठं होतंय. बघ, बोंडाभोवतीचा काळा भागसुद्धा आत ओढला जातोय." फनेलला, म्हणजे पंपाच्या छातीला लावायच्या नरसाळ्याला, मापं असतात हे तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं! लहान माप मागवलं, दोनदाऐवजी तीनदा काढायला लागले. दहा दिवसांत 30 चे 100 झाले.

माझं दूध आटलं नव्हतंच. छाती भरलेली राहिली की शरीर पुढचं दूध कमी बनवतं, आणि मीटिंगपायी मी एक वेळ रोज चुकवत होते. बरोबर चौघी उठणाऱ्या असल्या की मीटिंगमधून उठायला धीर येतो. आणि गप्पांचं म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1989 साली बाळांना अंगावरचं दूध नीट मिळावं म्हणून प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या सांगितल्या, त्यातली दहावी आयांच्या आधारगटांचीच होती.

गट सुरू करायला दोघी पुरतात. साहेबांकडे आधी कडी असलेली खोली मागा, मग फ्रीज. काढलेलं दूध बाहेर 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस टिकतं, बाटलीवर तारीख-वेळ लिहा.

गट म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही सांगते. गाठ येऊन ताप चढला किंवा बाळाचं वजन वाढेना, तर गटात विचारत बसू नका. आणि पावडर देणाऱ्या आईला जिथे टोमणे मारतात, तो गट सोडा.

नणंदेचं स्वतःचं दूध तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तिच्या ऑफिसात ती एकटीच बाई होती.