इंजिन ‘निकामी झाले’, ‘बंद पडले’ की ‘बंद केले’?

प्रश्न असा आहे: उतरायच्या बेतात असलेल्या प्रवासी विमानाचे इंजिन ‘फेल’ झाले, तर मराठीत ‘निकामी झाले’ म्हणावे का?

मी तरी सरसकट म्हणणार नाही. निकामी म्हणजे पुन्हा कामाला न येणारे. पाते तुटून आतली यंत्रणा उद्ध्वस्त झाली असेल, तर शब्द चपखल आहे. ज्वलन थांबून इंजिन विझले, तर ते ‘बंद पडले’. कधी कधी ते हवेतच पुन्हा सुरूही करता येते. आगीचा इशारा मिळाल्यावर वैमानिकाने इंधन तोडले, तर ‘बंद केले’. ‘पडणे’ आणि ‘करणे’ यांतला फरक इथे फार मोलाचा आहे.

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंड या कंपनीचे बोइंग ७३७-४०० कोसळले. डाव्या इंजिनाचे पाते तुटले होते, पण वैमानिकांनी उजवे, धडधाकट इंजिन बंद केले. डाव्याचा रेटा (विमानाला पुढे ढकलणारा जोर, ‘थ्रस्ट’) कमी करताच थरथरही कमी झाली, त्यामुळे आपण बरोबर केले असेच त्यांना वाटले. पुढे उतरताना रेटा वाढवावा लागला आणि धावपट्टी समोर असताना डावे बंद पडले. ४७ माणसे गेली. ‘दोन्ही इंजिने निकामी’ असे लिहिले, की या अपघाताचे मर्मच नाहीसे होते.

उलट १७ जानेवारी २००८ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरणाऱ्या बोइंग ७७७ची दोन्ही इंजिने चालूच होती. बर्फामुळे इंधन अडले आणि मागितलेला रेटा मिळेना. विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकले. जीवितहानी झाली नाही. तिथे ‘बंद पडली’ हेही चूक. ‘रेटा कमी पडला’ म्हणायला हवे. (‘प्रणोद’ पुस्तकात शोभतो, बातमीत ‘रेटा’ बरा.)

वैमानिकाचे कामही याच शब्दांतून नीट सांगता येते. अंतिम टप्प्यात एक इंजिन बंद पडले, तर विमानाचे नाक त्या बाजूला वळू लागते. चालू इंजिनाच्या बाजूचे रडरचे (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचे) पेडल दाबून ते सरळ धरायचे. आधी विमान सांभाळायचे, मग कोणते इंजिन गेले ते दोघा वैमानिकांनी मिळून पडताळायचे आणि त्यानंतरच ते बंद करायचे. उंची फारच कमी उरली असेल, तर बहुधा आधी उतरणेच श्रेयस्कर ठरते.

‘मेडे’ हा रेडिओवरून द्यायचा संकटाचा इशारा मात्र तसाच ठेवावा. तो मे महिन्याचा दिवस नव्हे. ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो आला आहे. त्याहून सौम्य इशारा ‘पॅन-पॅन’. दोन्हींना ‘आपत्कालीन संदेश’ म्हटले, तर वैमानिकाने कोणता दिला हे वाचकाला कळणार नाही.